कडीवरचा अंगठा

कुंभार पिंपळगाव
२४ नोव्हेंबर २०२४

बदरूचाचा,

नमस्कार. राधेश्यामच्या जीपमध्ये हे पुडकं देते आहे. आत एक कडी आहे. ती बघण्याआधी चहा पिऊन घ्या, म्हणजे रागावायला अंगात ताकद राहील.

कडी शहागडच्या पेटीची आहे. दिवाळीच्या आधी मी पेटी करून दिली होती. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ त्यांच्या मुलीचं लग्न लागलं. रुखवतात पेटी मांडली होती. नवरदेवाच्या मावशीनं कडीकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं, "जुनीच पेटी घासूनपुसून देऊन राह्यले का?" मुलीच्या वडिलांनी मांडवातूनच मला फोन लावला. काय बोलले ते लिहीत नाही, कागद खराब होईल.

दुसऱ्या दिवशी जाऊन कडी काढून आणली, साधी लावून आले. पेटी सगळी नीट बघितली. आठही कोपरे लख्ख आहेत, बिजागऱ्या लख्ख, मुठी लख्ख. फक्त कडीच्या पट्टीवर मधोमध हा डाग, आत काळा आणि कडेनं हिरवट. लाकूड जुनं सागवान आहे, बाभळीचं नाही. पट्टीखाली मेण लावलं होतं. मग चुकलं कुठं?

बाबा होते तेव्हा ही कटकट नव्हती. साधं घासलेलं पितळ लावायचो. काळं पडलं की घरची बाई चिंच लावून घासायची. आता घासायला कुणाला वेळ नाही, म्हणून मीच तुमच्या मागे लागले की लाखेचा हात देऊन द्या, वर्षानुवर्षं चमक राहील. तुम्ही नको म्हणत होतात. तेव्हा पहिली शिवी मला द्या, मग कडी बघा.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. आणि आसिफाभाभींच्या मोबाइलवर लिहिलं तर अख्खं घर वाचतं असं तुमचंच म्हणणं. मला चिठ्ठीच बरी वाटते. बाबासुद्धा तुम्हाला चिठ्ठीच पाठवायचे, तीही रंध्याच्या सालपटात गुंडाळून.

आई बरी आहे. माझ्याआधी उठते, शेड झाडते, मी जाईपर्यंत सगळं जागच्या जागी लावून ठेवते.

तुमची,
दैवशाला


मस्तगड, जालना
१ डिसेंबर २०२४

दैवशाला बेटी,

खूश राहा. चहा दोनदा प्यालो तरी राग आलाच. तुझ्यावर नाही, कडीवर.

आता ऐक. पितळाला दोन गोष्टी सोसत नाहीत, आंबट आणि घाम. लाख म्हणजे त्याच्या अंगावरचा सदरा. मी काय करतो ते तुला एकदा पूर्ण लिहितो, मग तुझ्याकडे काय होतं ते तू बघ. कडी बफच्या फिरत्या चाकावर घासली की तिला चिकटलेला पॉलिशचा मसाला गरम पाण्यानं धुतो. भुशात घोळून सुकवतो. मग तव्यावर गरम करतो, इतकी की हाताला सोसवेल. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळलेली चपडी लाख, मऊ ब्रशनं, एका बाजूनं एकदाच. ब्रश माघारी फिरवायचा नाही. दोन हात झाले की दोन दिवस कुणी शिवायचं नाही. धुतल्यानंतर आणि लाख लावण्याआधी कुणाचं उघडं बोट लागलं, की त्या बोटाचा घाम लाखेखाली कैद होतो आणि महिन्याभरात वर येतो.

तू काय कर. कडी बसवताना सुती फडकं धर. आधी लोखंडी स्क्रू फिरवून वाट कर, मग पितळेचा घाल, म्हणजे जोर लागून हात घसरणार नाही. पेटी वर्तमानपत्रात गुंडाळू नको, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळ. एवढं केलंस तर बिलकुल डाग येणार नाही. आला तर माझं नाव बदल.

ही कडी स्पिरिटनं पुसून, घासून, परत दोन हात देऊन पाठवली आहे. शहागडच्या त्या मावशीला दाखव.

तुझा बाप तातेराव बिजागरी कानाजवळ नेऊन हलवायचा, आवाज आला की परत करायचा. मला आता तो आवाजसुद्धा येत नाही. मी बोटानं ओळखतो. कान गेले तरी बोटं शाबूत आहेत, मला तेवढं पुरे.

तुझ्या आईला, नंदाभाभींना सलाम. तुझ्या चाचीनं, सरदारबीनं डब्यात तिळाच्या वड्या दिल्या आहेत. राधेश्यामनं वाटेत खाल्ल्या नाहीत तर पोचतील.

बदरूचाचा


कुंभार पिंपळगाव
५ जानेवारी २०२५

बदरूचाचा,

वड्या पोचल्या, पण डबा अर्धाच होता. राधेश्याम म्हणतो रस्त्यातल्या खड्ड्यांनी खाल्ल्या.

तुमचं नाव बदलायची वेळ आली आहे आणि मला हसू येत नाही. डिसेंबरात तीन पेट्या गेल्या. तुम्ही सांगितलं ते अक्षरन् अक्षर केलं. फडकं धरलं, मेण लावलं, मांजरपाट धुऊन वाळवून घेतला. तिघांपैकी दोघांचे फोन आले, एक अंबडचा आणि एक घनसावंगीचा. दोन्हीकडे डाग कडीवरच आहे, पट्टीच्या मधोमध. बाकी पितळ आरशासारखं.

तिसऱ्याचा फोन आला नाही. तो मालक तुमच्यासारखाच आहे, त्याला फोन करणं आवडत नाही. त्यामुळे मी तिथंही डाग आहे असंच धरून चालले आहे.

दोन्ही कड्या पाठवते आहे. एका डागावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं कड काढली आहे, तोही कागद आत आहे. लांबट गोल आहे. मला तर तो अंगठा वाटतो. माझाच असणार. स्क्रू पिळताना फडकं सरकत असेल आणि मला कळत नसेल. बाबा म्हणायचे, माझ्या हाताला धीर नाही.

अक्षय्य तृतीयेच्या लग्नांसाठी पाच पेट्यांचं सांगून गेले आहेत लोक. या पाचांत डाग आला तर सहावी कुणी सांगणार नाही. काय करू ते लिहा.

दैवशाला


मस्तगड
१२ जानेवारी २०२५

दैवशाला बेटी,

कागद मिळाला. पेन्सिलीच्या रेघेवर मी माझा अंगठा ठेवून बघितला. बराबर बसला.

एक गोष्ट तुला मागच्या वेळी खोटी लिहिली होती. बोटं शाबूत नाहीत. साखरेच्या आजारानं दोन वर्षं झाली सुन्न होत चालली आहेत. मागच्या महिन्यात गरम कडीवर अंगठा टेकला होता तो मला कळलाच नाही. सरदारबीला स्वयंपाकघरात जळका वास आला, ती धावत आली, तेव्हा कळलं. फोड आला, बरा झाला, मी कुणाला बोललो नाही.

म्हणजे हिशेब साफ आहे. लाख लावताना कडी मी अंगठ्यानं धरत असणार आणि मला पत्ता नसणार. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुझा हात तातेरावासारखाच आहे, धीर नाही हे तो तुला चिडवायला म्हणायचा. मला तो वेगळंच सांगायचा.

पाच पेट्यांचं सामान मी करून देईन. चिमट्यानं धरीन, सरदारबीला समोर बसवीन. त्यापुढचं नंतर बघू.

बदरूचाचा


मस्तगड
९ फेब्रुवारी २०२५

दैवशालाताई,

मी आसिफा, बदरोद्दीन यांची सून. पार्सलमध्ये सगळ्यात खाली ही चिठ्ठी घालते आहे. अब्बांना माहीत नाही, तुम्हीही कळवू नका.

पाच पेट्यांचं सामान वर आहे. हे त्यांचं शेवटचं काम आहे. बफची मोटार आणि हत्यारं विकायचं त्यांनी ठरवलं आहे. ईदनंतर, पाच एप्रिलला माणूस घ्यायला येणार आहे. माझे पती साजिद दोन वर्षं म्हणत होते की अब्बा आता बस करा, तेव्हा ते भांडायचे. आता स्वतःच म्हणाले, तेव्हा साजिदलाही बरं वाटलं नाही.

हे पाच संच करायला त्यांना महिना लागला. एकेक कडी चारचारदा पुसून परत केली. काम झाल्यावर हात मांडीखाली घेऊन बसतात, जसं काही हातांनी चोरी केली आहे. जेवतात, नमाजला जातात, परत तसेच येऊन बसतात. पन्नास वर्षं ते रोज त्या ओट्यावर बसत आले आहेत, ताई. तिथून उठले तर ते फार दिवस काढतील असं मला वाटत नाही.

आम्ही बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. तुमचं लिहिलेलं ते दोनदोनदा वाचतात. म्हणून तुम्हाला लिहिलं. काहीतरी करा.

आसिफा


कुंभार पिंपळगाव
२० फेब्रुवारी २०२५

बदरूचाचा,

पाचही संच मिळाले. इतकं सुंदर पितळ मी आजवर पेटीला ठोकलं नाही.

आता नीट वाचा. डाग तुमचा नाही. माझाही नाही. मला परवा सकाळी खात्रीनं कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. पण मी बाबांची शपथ घेऊन लिहिते की तुमच्या अंगठ्याचा याच्याशी काही संबंध नाही. यापुढे डाग येणारही नाही, तेही मी बघेन.

तेव्हा कृपा करून मनाला काही लावून घेऊ नका आणि कामाबद्दल काही वेडंवाकडं ठरवू नका. मे महिन्यासाठीही लोक विचारून गेले आहेत. कड्या मला तुमच्याच हातच्या लागतील.

दैवशाला


मस्तगड
३ मार्च २०२५

दैवशाला बेटी,

काल पहिला रोजा झाला. साखरेमुळे डॉक्टरनं मला रोजे मना केले आहेत, म्हणून रिकामा बसून तुझी चिठ्ठी वाचली. चार वेळा वाचली.

आसिफानं तुला काही कळवलं असणार. ती शाळेत मास्तरीण आहे, तिला वाटतं सगळी मुलं समजावून सरळ होतात. तिला मी रागावलो नाही, तूही तिला काही बोलू नको.

पण बेटी, मला खोटं लिहू नको. डाग तुमचा नाही, कुणाचा ते सांगत नाही, विचारू नका. ही दया झाली. तुझ्या वडिलांनी तीस वर्षांत माझी एक बिजागरी खोटं बोलून चांगली म्हटली नाही. म्हणून मी त्याच्यासाठी जीव तोडून काम करायचो. म्हाताऱ्याला गोंजारायला तू त्याची शपथ घेतलीस, ते मला आवडलं नाही.

ज्या कारागिराला आपला हात कुठं पडतो ते कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या मुलीच्या रुखवतात काळं करत बसू नये. मोटार जाणार आहे, जाऊ दे. तू दुसरा कुणी शोध. मी नाव सांगतो, तो लाख बरी लावतो, फक्त घाई करतो.

नाराज नाही. दुवा देतो.

बदरूचाचा


कुंभार पिंपळगाव
१६ मार्च २०२५

बदरूचाचा,

तुमची चिठ्ठी वाचून मी रडले, मग चिडले, मग आईला वाचून दाखवली. आता जे लिहिते आहे ते आईनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. ते माझं सांगण्यासारखं नव्हतं, म्हणूनच मागच्या वेळी गप्प राहिले. दया नव्हती ती.

फेब्रुवारीत एका सकाळी मला लवकर जाग आली. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आई नव्या पेटीसमोर बसली होती. तिच्यापुढे कुंकवाचा करंडा होता. बाबा गेल्यापासून तो करंडा मी तिच्या हातात बघितला नव्हता. तिनं कडीला हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं, आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. मला वाटलं आता उठेल. पण तिनं पदराखालून एका वाटीत चुलीतली राख काढली, अर्धं लिंबू काढलं, आणि कडी घासायला लागली. राख घेऊन अंगठ्यानं, चाचा. भांडं घासतात तशी. हळदीचा पिवळा डाग जाईपर्यंत घासली, ओल्या फडक्यानं पुसली, पदरानं कोरडी केली आणि वाटी लपवून शेड झाडायला लागली.

मी दारातूनच परत फिरले. अंथरुणात जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

बाबा होते तेव्हा प्रत्येक पेटीला आईच हळदीकुंकू लावायची, सगळ्यांदेखत. पेटी न्यायला आलेल्या बायका तिच्या पाया पडायच्या. बाबा गेल्यावर ते बंद झालं. आमच्याकडे कसं असतं ते तुम्ही बघितलं आहे. संक्रांतीला शेजारणी मला हळदीकुंकवाला बोलावतात. नवऱ्याला सोडून आलेली असले तरी माझा नवरा जिवंत आहे, एवढं त्यांना पुरतं. आईला बोलावत नाहीत. त्या दिवशी ती दार लोटून शेंगा फोडत बसते. नवरीच्या पेटीला विधवेचा हात लागला हे कळलं, तर पेटी दारातूनच परत येईल. म्हणून ती लपून लावत होती आणि कुणाला कळू नये म्हणून पुसत होती. लाख हा काय प्रकार आहे हे मी तिला कधी सांगितलंच नाही. पितळ म्हणजे राख आणि लिंबू, एवढंच तिला ठाऊक. चूक असली तर ती माझी.

तुमची चिठ्ठी वाचून दाखवली, तेव्हा तिनं सगळं कबूल केलं आणि उठून चुलीकडे गेली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या माणसाचं काम माझ्यापायी बंद पडायला लागलं, अन् तू गप बसून राह्यलीस व्हय? लिही त्याला. माझं नाव घालून लिही."

मी म्हटलं, आई, राधेश्यामच्या जीपमधून जाणारी चिठ्ठी आहे, कुणी फोडली तर. ती म्हणाली, "फोडू दे. मला लाख-बिख ठावं न्हवती गं. डाग ऱ्हाऊ न्हाई म्हणूनच घासत व्हते मी. लेकरू नव्या घरी चाललंय, कुणीतरी त्याचं बरं चितावं लागतं. मला सगळं सोडायला सांगितलं, मी सोडलं. मंग हे तेवढं ऱ्हाऊ दिलं. कुंकू गेलं म्हणून काय आशीर्वाद बी गेला व्हय?"

एवढं बोलून ती भाकरी उलटायची विसरली. ती करपलेली भाकरी मी खाल्ली.

चाचा, शपथ खरी होती. मोटार विकू नका. तुमच्या हातानं कुणाच्याही रुखवतात काळं केलेलं नाही.

दैवशाला

ता. क. आई म्हणते, भाऊजींना सांग, माझ्या हातून चुकलं, माफ करा.


मस्तगड
६ एप्रिल २०२५

दैवशाला बेटी,

उत्तराला उशीर झाला. मला पारख करून बघायची होती. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा मी नाही, तुझा बाप पण नव्हता.

दोन कड्या केल्या. दोघींना लाखेचे दोन दोन हात दिले. आसिफा शाळेतल्या पोरींकडे करंडा मागायला निघाली होती, मी म्हटलं बाजारातून आण. एका कडीला हळदीकुंकू लावलं, राख आणि लिंबानं घासलं. दुसरी तशीच ठेवली. नवव्या दिवशी पहिली काळी. दुसरी आज पण सोन्यासारखी आहे. राखेनं लाख सुटते आणि उघड्या पितळाला लिंबू चावतं. इतकी सोपी गोष्ट, आणि मी पन्नास वर्षांचा कारागीर.

मग तुझा तो पेन्सिलीचा कागद परत काढला. सरदारबीचा अंगठा त्यावर ठेवला, तो बसला. आसिफाचा ठेवला, तो पण बसला. बेटी, तिथं कोणाचाही अंगठा बसतो. मी फक्त माझाच ठेवून बघितला होता.

सरदारबीला सगळं लिहून दाखवलं. ती मला ऐकू यावं म्हणून कानाशी येऊन ओरडली, "इत्ती सी बात पे दुकान बेच रहे थे?" मग बाजूला जाऊन डोळे पुसत बसली. ती नंदाभाभींसाठी रडत होती, माझ्यासाठी नाही. माझ्यासाठी ती आधीच रडून मोकळी झाली होती.

काल मोटार घ्यायला माणूस आला. त्याला शिरखुर्मा खाऊ घातला आणि परत पाठवला. मोटारीची वायर घासली होती, ती साजिदनं संध्याकाळी बदलून दिली. हात सुन्न आहे ते खरंच आहे, ते बरं होणार नाही. पण आता कडी तव्यावरून काढण्याआधी मी पाण्याचा थेंब टाकून बघतो आणि चिमटा सोडत नाही. असं जितके दिवस चालेल तितके चालवीन.

आता नंदाभाभींचं. मला माफी मागू नका म्हणावं. ज्या पेट्यांवर माझं पितळ लागतं त्यांच्यासाठी कुणी दुवा करतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सोबत ती दुसरी, चांगली राहिलेली कडी आहे, भाभींनी घासलेल्या कडीच्या जागी लाव. आणखी एक चकती आहे. नाण्याहून जरा मोठी. साधी घासलेली, कडेला चार पाकळ्या ठोकल्या आहेत. ही झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध बसव. हिला लाख दिलेली नाही, देणार पण नाही. भाभींनी कडीला हात लावू नये, हिला लावावा. हळद लावावी, कुंकू लावावं आणि पुसू नये. ही काळी पडेल, पडू दे. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तू आणि भाभी ठरवा. ते मी सांगणार नाही.

बदरूचाचा


कुंभार पिंपळगाव
२० एप्रिल २०२५

बदरूचाचा,

तुमची चिठ्ठी आईला वाचून दाखवली. ती चकती तिनं दिवसभर कमरेला खोचून ठेवली होती. संध्याकाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बसव. पण कुणाला सांगू नगं."

पाचातल्या पहिल्या पेटीला ती बसवली. आईनं सकाळी हळदीकुंकू लावलं. मी शेजारी उभी होते, या वेळी सोंग घेतलं नाही. तिचा हात दोनदा राखेकडे गेला, मी धरला.

काल पेटी न्यायला शहागडहून कौसाबाई आल्या. आधीच्या पेटीवाल्यांच्या नव्हेत, दुसऱ्या घरच्या, नवरीची आई. एकट्याच आल्या होत्या, राधेश्यामची जीप बाहेर उभी होती. त्यांनी कोपरे बघितले, कडी बघितली, खूश झाल्या. मग झाकण उघडलं आणि चकतीवर नजर गेली. "हे काय हो, कुणी लावलं?"

चाचा, मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. देवाला दाखवली होती, माझ्याच हातचं आहे, दुकानाची रीत आहे. आई आतल्या दाराआड होती, तिचा पदर दिसत होता. आणि मला तुमची ती चिठ्ठी आठवली, मला खोटं लिहू नको म्हणालात ती. मी सांगितलं, माझ्या आईनं लावलं. प्रत्येक पेटीला लावते. माझे वडील अडीच वर्षांपूर्वी गेले.

कौसाबाईंनी झाकण तसंच धरून ठेवलं. बराच वेळ पेटीत बघत राहिल्या. पेटी परत चालली असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात ती पुन्हा शेडमध्ये ठेवायची जागा शोधायला लागले. मग त्यांनी डोक्यावरचा पदर जरा मागे घेतला. त्यांचं कपाळ रिकामं होतं. त्या आल्या तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं.

"कोरोनात गेले आमचे," त्या म्हणाल्या. "धा दिसांनी हळद हाय पोरीची. जाऊबाई लावणार, नणंदा लावणार. मी मागं उभी ऱ्हाणार. जन्म मी दिला, अन् हळद लावायला मी चालत न्हाई."

दाराआडून आई बाहेर आली. मी बोलावलं नव्हतं. हातात करंडा होता. तिनं तो कौसाबाईंच्या पुढं धरला आणि म्हणाली, "हितं लावा. आतल्या अंगाला हाय, कुणाला दिसत न्हाई. दिसलं तरी दिसू द्या."

कौसाबाईंनी बोट बुडवलं आणि आईच्या कुंकवाशेजारी आपलं लावलं. मग हळद लावली, पुष्कळ लावली, बोट पुन्हा पुन्हा बुडवून, मुलीच्या गालाला लावावी तशी. लावता लावता मुलीचं नाव घेत होत्या. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी बाहेर जाऊन राधेश्यामला उगीच पाण्याचा तांब्या दिला, कारण तिथं उभं राहवेना.

परत आले तेव्हा त्या झाकण लावत होत्या आणि आई त्यांना दटावत होती, "कडीला उघडा हात नगं, पदरानं धरा. लाख हाय तिला."

पेटी गेली. आई आज सकाळी करंडा शेडमधल्या फळीवर ठेवून आली, तुमच्या कड्यांच्या शेजारी.

चाचा, उरलेल्या चार पेट्यांना चार आणि मे महिन्याच्या तीन पेट्यांना तीन, अशा सात चकत्या लागतील. राधेश्याम गुरुवारी जालन्याला येतो आहे. तुमच्या हाताला झेपेल तेवढ्या त्याच्याजवळ द्या, बाकीच्या मागून चालतील. पाकळ्या नसल्या तरी चालेल. लाख लावू नका.

दैवशाला